सपाट वाटेच्या शोधात

"आई, तू ब्रेक का नाही लावलास?"

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये घालून मी रुग्णालयाच्या बाकावर बसले होते, तेव्हा माझ्या बारा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न विचारला. खरे तर मी ब्रेक लावला होता, अगदी उतार सुरू झाल्यापासून लावून धरला होता. तरीही वेग कमी होण्याऐवजी वाढतच गेला आणि वळणावर मी आडवी झाले. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या बाईला या साध्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही, याचे मला हातापेक्षा जास्त वाईट वाटले. सुदैवाने मुलगी माझ्या मागे होती आणि माझी अवस्था पाहून ती वेळीच गवतात बसली. ती पुढे असती तर काय झाले असते, हा विचार मात्र पुढे कित्येक दिवस डोक्यातून जात नव्हता.

ही २०१८ च्या जून महिन्यातली गोष्ट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचे भूशिर आहे. नकाशावर ते दंड वाकवून मूठ आवळलेल्या हातासारखे दिसते. या हाताच्या खांद्यापाशी, नैर्ऋत्य टोकाला, वूड्स होल हे लहानसे गाव आहे. तिथली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा १८८८ सालची आणि समुद्रविज्ञान संस्था १९३० सालची. मी वर्षभरासाठी तिथे कामाला गेले होते. उन्हाळ्यात साऱ्या केप कॉडवर सुट्टीला आलेल्यांची गर्दी उसळते. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायांत एका रांगेत चार चाके असलेले स्केट्स असतात. मुलीने हट्ट धरला आणि आम्ही दोघींसाठी दोन जोड घेतले. मग एका सुट्टीच्या दिवशी, कुठल्याशा माहितीपत्रकात 'कुटुंबासाठी योग्य, सरासरी उतार अत्यल्प' असे वाचून एका वाटेवर गेलो. त्या 'सरासरी'ने माझे मनगट मोडले, असे म्हणायला हरकत नाही. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. या अस्थिभंगाचे वर्णन अब्राहम कोलेस या आयरिश शल्यविशारदाने १८१४ सालीच करून ठेवले आहे. स्केट्सवाले मनगटाला टणक पट्टा बांधतात तो याचसाठी. मी तो बांधला नव्हता. असो.

प्लास्टरच्या सहा आठवड्यांत मला भरपूर वेळ मिळाला. तो मी एकाच प्रश्नावर घालवला : समुद्रकाठी सुट्टीला गेलेल्या माणसाने स्केट्ससाठी चांगली वाट, ती प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी, ओळखायची कशी? शोधता शोधता लक्षात आले, की जवळजवळ सगळे उत्तर नववी-दहावीच्या विज्ञानात आणि भूगोलात आहे.

आधी या वाहनाची ओळख करून घेऊ. चाकांच्या बुटांची कल्पना जुनी आहे. १७६० च्या सुमारास लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर असे बूट घालून, व्हायोलिन वाजवत मेजवानीच्या दालनात शिरला आणि थांबता न आल्याने मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी हकिगत सांगतात. पुढे १८६३ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स प्लिम्प्टनने दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकांची, वळवता येणारी रचना केली. आपल्याकडच्या शाळांत दिसतात ते स्केट्स या वंशातले. एका रांगेतली चाके मागे पडली होती, ती १९८० मध्ये मिनिॲपोलिसच्या स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन या हॉकीपटू बंधूंनी पुन्हा पुढे आणली. बर्फ नसताना उन्हाळ्यात सराव करता यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. चाके पॉलियुरेथेनची, साधारण ८ सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी रुंदीची. एका बुटाच्या टाचेमागे रबराचा ठोकळा असतो, तोच ब्रेक. पाय पुढे सरकवून पंजा उचलला की ठोकळा जमिनीवर घासतो. आरशावर आदळलेल्या मर्लिनपेक्षा आपण एवढेच पुढे आलो आहोत.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणारा सराईत माणूस हा ब्रेक लावून साधारण १० मीटरमध्ये थांबतो असे समजा. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. यावरून मंदन निघते २५ भागिले २०, म्हणजे सेकंदाला दर सेकंदी १.२५ मीटर. गुरुत्वत्वरण ९.८ असते. त्याच्या तुलनेत हा ब्रेक किती दुबळा आहे ते पाहा. त्याची ताकद गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढी आहे.

उतारावर काय होते? उतार शेकडा ५ असेल (१०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर खाली), तर गुरुत्वाकर्षण तुम्हाला ९.८ च्या ५ टक्के, म्हणजे ०.४९ एवढे त्वरण देते. ते ब्रेकच्या १.२५ मधून वजा होते. उरलेल्या ०.७६ ने थांबायला १६ मीटर लागतात. शेकडा २ च्या उतारावर हेच अंतर १२ मीटर येते, म्हणजे सपाटीपेक्षा फारसा फरक नाही. पण शेकडा ८ वर ते २७ मीटर होते, शेकडा १० वर ४६ मीटर आणि शेकडा १२ वर सुमारे १७० मीटर. शेकडा १३ च्या उतारावर तर उत्तरच येत नाही, कारण वजाबाकी ऋण होते. ब्रेक घासत राहतो आणि वेग वाढत राहतो!

मुलांकडून या आकड्यांचा आलेख जरूर काढून घ्यावा. तो सुरुवातीला जवळजवळ आडवा असतो आणि मग एकाएकी उभा होतो. आपल्याला सवय असते प्रमाणाची : उतार दुप्पट तर धोका दुप्पट. इथे तसे नाही. दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी जेव्हा छेदस्थानी येते, तेव्हा असेच होते.

मी त्या दिवशी सराईत नव्हतेच. नवखा माणूस भीतीने मागे झुकतो आणि ठोकळ्यावर पुरेसा भार पडत नाही. सपाटीवर थांबायला मला १० नव्हे, २० मीटर लागत होते. म्हणजे माझा ब्रेक निम्म्या ताकदीचा, ०.६२ चा. त्याचा कस शेकडा सव्वासहाच्या उतारावरच संपतो. नंतर नकाशावर मोजले तेव्हा त्या वाटेचा तो तुकडा सुमारे १२० मीटर लांब आणि शेकडा ८ उताराचा निघाला. एवढ्या उतारावर, ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस ब्रेक न लावता सुटला आणि चाकांचा रोध व हवेचा रोधही हिशेबात धरला, तरी पायथ्याशी वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास येतो. मी ब्रेक लावल्यामुळे त्याहून बरीच हळू होते, पण थांबू शकत नव्हते. मुलीला हे सगळे कागदावर करून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे तू उतार सुरू व्हायच्या आधीच पडली होतीस." उत्तर बरोबर होते.

राहिला माहितीपत्रकातला 'सरासरी उतार'. सहा किलोमीटरची वाट चढून-उतरून सुरुवातीच्याच उंचीला परत येत असेल, तर तिचा सरासरी उतार शून्य असतो. अशा सरासरीला काही अर्थ नाही. आपल्याला हवा असतो सर्वांत जास्त उतार आणि तो किती लांब आहे, ते. फोनमधली वाट दाखवणारी साधनेही उंचीचे आकडे बऱ्याच अंतरावर सारखे करून देतात, त्यामुळे लहान पण तीव्र उतार त्यांत बुजून जातो. त्यापेक्षा समोच्च रेषांचा नकाशा भरवशाचा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या १ : २४,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे २४० मीटर. समोच्च रेषा १० फुटांच्या, म्हणजे साधारण ३ मीटरच्या अंतराने असतील आणि वाट त्यांना काटकोनात छेदत असेल, तर दोन रेषांमधले अंतर १ सेंटिमीटर असताना उतार शेकडा सव्वा होतो. अंतर अडीच मिलिमीटर असताना शेकडा ५ आणि दीड मिलिमीटर असताना शेकडा ८ च्या वर. म्हणून मी एक पट्टी घेऊन बसले आणि जिथे वाट छेदत असलेल्या रेषा अडीच मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या तिथे लाल फुली मारत गेले. आपल्याकडच्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० च्या नकाशावर रेषा बहुधा २० मीटरच्या असतात. तिथे १ सेंटिमीटर अंतराला उतार शेकडा ४ येतो. समोच्च रेषांचा धडा शिकवताना 'या गावाहून त्या गावाला सायकलने जाताना कुठे उतरून चालावे लागेल' असा प्रश्न घालून पाहावा. धडा एकदम जिवंत होतो.

लाल फुल्या मारता मारता त्यांची एक मांडणी दिसू लागली. केप कॉडच्या पश्चिम कडेला त्या दाटीने होत्या, मध्यभागी विरळ. याचे कारण भूगोलात आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी इथवर हिमस्तर आलेला होता. त्याची कड जिथे बराच काळ थांबली तिथे दगड, माती, वाळू यांचे ढीग साचले. हे हिमोढ. वितळलेल्या पाण्याने त्याच्या पुढे वाळू पसरवली, ती झाली सपाट मैदाने. हिमोढावरचा रस्ता म्हणजे सारखा चढ-उतार. मुठीच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउनजवळ वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांच्यातून जाणारी वाट देखणी आहे. पण तीव्र चढ, एकदम येणारी वळणे आणि त्यावर पसरलेली वाळू असे तिन्ही दोष तिच्यात एकत्र आले आहेत. सायकलवाल्याला ती मजेची वाटेल. स्केट्सवर जाणाऱ्या नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पण हिमोढाच्या त्याच पश्चिम कडेला, लाल फुल्यांच्या गर्दीत, एक रेष अशी होती की जिच्यावर एकही फुली नव्हती. ती समोच्च रेषांना छेदत नव्हती, त्यांच्या बाजूबाजूने जात होती आणि वळलीच तर मोठ्या ऐसपैस वळणाने वळत होती. प्रयोगशाळेतल्या एका स्थानिक सहकाऱ्याला दाखवली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "ती आगगाडीची वाट आहे."

लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते, म्हणून आगगाडी थोड्या शक्तीत प्रचंड ओझे ओढते. पण त्याच कारणाने तिला चढ सोसत नाही, कारण चाकाची रुळावरची पकड कमी असते. त्यामुळे रेल्वे बांधणारे अभियंते टेकडी आली की खोदून काढतात, खळगा आला की भराव घालतात. बहुतेक लोहमार्गांवर चढ शेकडा दोनच्या आत ठेवलेला असतो. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या आपल्या बोरघाटाचा चढ १ : ३७, म्हणजे शेकडा २.७. एवढ्यासाठी कर्जतहून मागे जादा इंजिने लावावी लागतात, हे पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहे. कोकण रेल्वेचा मार्ग तर सह्याद्रीच्या पायथ्याने जाऊनही १ : १५० च्या मर्यादेत ठेवला आहे, शेकडा पाऊणपेक्षाही कमी. आता वरचा थांबण्याच्या अंतराचा हिशेब आठवा. शेकडा २ पर्यंत आलेख जवळजवळ आडवा होता. इंजिनाच्या दुबळ्या पकडीसाठी ठरवलेली मर्यादा टाचेखालच्या दुबळ्या ब्रेकलाही नेमकी मानवते!

वूड्स होलला आगगाडी १८७२ मध्ये आली. पुढे मोटारी वाढल्या, गाड्या बंद पडल्या आणि १९७० च्या दशकात रुळांच्या जागी डांबरी वाट झाली. २००९ मध्ये ती उत्तरेकडे वाढवली गेली. आता नॉर्थ फालमथ ते वूड्स होल अशी सुमारे १७ किलोमीटरची ही वाट 'शायनिंग सी बाइकवे' म्हणून ओळखली जाते. फालमथमध्ये १८५९ साली जन्मलेल्या कॅथरीन ली बेट्स या कवयित्रीच्या प्रसिद्ध देशगीतातले ते शब्द आहेत. केप कॉडच्याच दंडावरून जाणारी केप कॉड रेल ट्रेल सुमारे ४० किलोमीटरची आहे, तीही जुन्या लोहमार्गावरच. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराच्या काठची सुप्रसिद्ध वाटसुद्धा एकेकाळच्या सदर्न पॅसिफिक रेल्वेचीच. तेव्हा कुठल्याही अनोळखी किनाऱ्यावर गेलात तर पहिला प्रश्न विचारावा : इथे पूर्वी आगगाडी होती का?

दुसरा प्रश्न : कालवा आहे का? पाणी स्वतःच सपाट असल्याने त्याच्या काठचा देखभालीचा रस्ताही सपाट असतो. केप कॉडला मुख्य भूमीपासून तोडणारा कालवा १९१४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याच्या दोन्ही काठांनी असा डांबरी रस्ता आहे आणि त्यावर स्केट्सना परवानगी आहे. भरती-ओहोटीमुळे या कालव्यातला प्रवाह दर सहा तासांच्या सुमारास दिशा बदलतो. ते पाहण्यासाठीसुद्धा तिथे जावे.

उतार झाला, आता पृष्ठभाग. इथे लहान चाकाचा तोटा समोर येतो. रस्त्यात १ सेंटिमीटर उंचीची कड आली असे समजा. स्थिर चाक तिच्यावर चढवायला किती जोर आडवा लावावा लागेल, हे तरफेच्या नियमाने काढता येते. सायकलच्या ३४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला, त्यावरच्या भाराच्या एक चतुर्थांश जोर पुरतो. स्केट्सच्या ४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला भाराच्या जवळजवळ नऊ दशांश लागतो. आणि कड ४ सेंटिमीटरची, म्हणजे चाकाच्या त्रिज्येएवढी झाली, तर कितीही जोर लावला तरी चाक चढणार नाही. त्याच्या दृष्टीने ती भिंत आहे. डांबराखालून झाडाचे मूळ वर आले की सहज एवढा उंचवटा होतो. रेल्वेच्या जुन्या वाटांचा हा मोठा दोष : शंभर वर्षांत दोन्ही बाजूंना झाडी वाढलेली असते. सावली हवीहवीशी, मुळे नकोशी. फटींचेही तसेच. २ सेंटिमीटर रुंदीच्या आडव्या फटीत सायकलचे चाक मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढे बुडते, स्केट्सचे सव्वा मिलिमीटर. तेवढ्याने पायाला नुसती गुदगुल्यांसारखी थरथर जाणवते. पण लाकडी पुलावरच्या फळ्या लांबीला धरून बसवलेल्या असतील आणि त्यांच्यातली फट अडीच सेंटिमीटरची असेल, तर चाक तिच्यात आख्खे शिरते. फळ्या आडव्या असलेलाच पूल निवडावा, आणि सकाळच्या दवात तोही चालत ओलांडावा.

गुळगुळीतपणा मोजायची एक सोपी रीत आहे, ती शाळेतही करता येईल. एक फळी तिरकी लावून तिच्यावरून स्केट किंवा चांगल्या चाकांची खेळण्यातली गाडी सोडा. फळीच्या पायथ्यापासून ती जमिनीवर किती लांब जाऊन थांबते ते मोजा. सोडल्याची उंची भागिले हे अंतर, म्हणजे त्या जमिनीचा रोधांक (फळीवरचा रोध थोडा असतो, तो सोडून देऊ). १० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली गाडी १० मीटर गेली तर उत्तर ०.०१. वर्गातली फरशी, व्हरांड्यातली शहाबादी, पटांगण, सतरंजी यांच्यासाठी वेगवेगळी उत्तरे येतात. गंमत अशी, की ही संख्या म्हणजेच उतार. रोधांक ०.०१ असेल तर शेकडा १ च्या उतारावर गाडी ना वेग घेते, ना थांबते. ज्या वाटेवर पाय न मारता आरामात, एकाच वेगाने जाता येते ती अशी. मग गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन शाळेसमोरच्या रस्त्याचा उतार मोजावा. नळीची दोन टोके १० मीटर अंतरावर धरली आणि पाण्याच्या पातळ्यांची जमिनीपासूनची उंची ५ सेंटिमीटरने वेगळी भरली, तर उतार शेकडा अर्धा. डोळ्यांना जो रस्ता सपाट वाटतो तो क्वचितच सपाट असतो, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळते.

समुद्रकाठचा तिसरा घटक वारा. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे येतात, हे आपण शिकवतोच. केप कॉडच्या पश्चिमेच्या बझर्ड्स बेवर उन्हाळ्यात मुळातच नैर्ऋत्य वारे असतात, त्यांत खाऱ्या वाऱ्यांची भर पडून दुपारी चांगलाच जोर येतो. उभ्या माणसाला होणारा हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा नसताना सेकंदाला ४ मीटर वेगाने जाणाऱ्याला तो साधारण ५ न्यूटन असतो. समोरून सेकंदाला ६ मीटरचा वारा आला की सापेक्ष वेग १० आणि रोध ३० न्यूटन होतो. हे वाढलेले २५ न्यूटन ६० किलोग्रॅमच्या माणसाला शेकडा ४ च्या चढासारखे वाटतात. रेल्वेच्या अभियंत्यांनी मेहनतीने सपाट केलेली वाट वारा दुपारी तिरकी करून टाकतो! म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि दमल्यावर परतताना त्याला पाठीशी घ्यावे. आमची अडचण अशी, की वूड्स होल हे वाटेचे नैर्ऋत्य टोक. तिथून निघणारा माणूस जाताना वाऱ्यासोबत मजेत जातो आणि परतताना रडकुंडीला येतो. तिथे दिशेचा नियम लागू करता येत नाही, तेव्हा वेळ निवडायची : सकाळी सातला निघून वारा उठायच्या आत परत.

वाळूविषयी थोडेच सांगते. स्केट्सवरचा माणूस पुढे जाण्यासाठी पाय तिरका, बाहेरच्या बाजूला ढकलतो. म्हणजे त्याची सारी मदार चाकाच्या आडव्या पकडीवर असते. डांबरावर पसरलेले वाळूचे कण चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात आणि ती पकड एकाएकी नाहीशी होते. शिवाय हे कण बेअरिंगमध्ये शिरतात, खारे पाणी ते गंजवते. लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिका, व्हेनिस या पुळणींवरून जाणारी सुमारे ३५ किलोमीटरची काँक्रीटची वाट स्केटिंगसाठी जगप्रसिद्ध आहे. चढ नाही, गुळगुळीत आहे, पण ती थेट पुळणीवरच असल्याने वारा तिच्यावर वाळू आणतो. तेव्हा अशा ठिकाणी सकाळी आधी पायी चक्कर मारून वाळूचे पट्टे कुठे आहेत ते पाहून घ्यावे. उपग्रहचित्रांत आता डांबराचा रंग, झाडांची सावली, रस्ते ओलांडण्याच्या जागा सगळे दिसते, मात्र काल रात्री उडून आलेली वाळू दिसत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस डॉक्टरांची परवानगी आणि मनगटांवर पट्टे घेऊन आम्ही निघालो. त्याआधी एका रिकाम्या वाहनतळावर खडूच्या रेघा मारून दोघींची थांबण्याची अंतरे मोजली होती. सपाटीवर, ताशी १८ किलोमीटरवरून, मला १४ मीटर, तिला ९. एका मित्राने सकाळी गाडीने नॉर्थ फालमथला सोडले आणि आम्ही दक्षिणेकडे, घराच्या दिशेने, मंद वाऱ्याला तोंड देत सुटलो. क्रॅनबेरीची तळी, मग ग्रेट सिपेविसेटची खारट दलदल. खतातल्या नत्राचा दलदलीवर काय परिणाम होतो, याचे प्रयोग तिथे १९७० च्या दशकापासून झाले आहेत. मला थांबून पाहायचे होते, मुलीला नाही. वाटेत जिथे मोटारींचा रस्ता आडवा येतो तिथे ती खडूच्या रेघा आठवून बरोबर १५ मीटर आधी पाय पुढे करी आणि मागे वळून मला ओरडून सांगे, "आई, तू अजून पाच मीटर आधी!"

फालमथ सोडल्यावर वाट व्हिनयार्ड साउंडच्या अगदी पाण्याला लागून जाते. तिथे डांबरावर वाळूची एक पातळ साय पसरलेली होती. आम्ही स्केट्स काढून हातात घेतले आणि तेवढा तुकडा मोज्यांवर चाललो.